तारवाल्याचा पिच्चर आला तो मार्च

फेब्रुवारी सरत आला की चिखलीतल्या आमच्या कॉलेजात बाकांवर खडूनं बैठक क्रमांक पडू लागतात. शिपाई व्हरांड्यातून बाकं ओढत नेतात, त्यांचा खरखराट माझ्या तासावर येतो, आणि शिकवता शिकवता माझ्याच तळहातांना घाम सुटतो. मी इथं बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. परीक्षा मुलांची असते, मला आता कुणी काही विचारणार नसतं. तरी शिवारात हरभऱ्याची सोंगणी सुरू झाली, वाळलेल्या घाट्यांचा आंबूस वास वाऱ्यावर यायला लागला, रस्त्याकडेच्या पळसावर पानं उरली नाहीत, नुसती फुलं राहिली, की माझ्या पोटात काहीतरी उडू लागतं. भीतीच असते म्हणा, पण तिला एक गोड झणका असतो. उंच पाळणा खाली यायला निघतो तेव्हा होतं, तसं.

परवा दुपारी बाबांचा फोन आला. एरवी ते फोनवर चार शब्दांच्या वर बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "प्रज्ञा, टीव्हीवर तारवाल्याचा पिच्चर लागला. तुही आई पाहून राह्यली. तू पाय." आणि ठेवून दिला.

माझा तास होता. मी काही पाहू शकले नाही. पण वर्गात गेले आणि मुलांना समतोल शिकवता शिकवता अख्खा मार्च महिना माझ्यापुढे उभा राहिला.

तेव्हा मी बारावीला होते. घर पिंपळगाव राजाला, कॉलेज खामगावला, मध्ये एसटी. आई अंगणवाडीत सेविका होती. बाबा मोटारपंप दुरुस्त करायचे आणि आमचं थोडं शेत पाहायचे. मी सातवीत जाईपर्यंत ते बाहेर कामाला होते, टॉवर लाईनच्या कंपनीत. मोठ्या मोठ्या विजेच्या तारा डोंगरांवरून, नद्यांवरून ओढून नेतात, ते काम. वर्षातून दोनदा घरी यायचे. आईला आणि मला एवढंच ठाऊक की बाबा सामानावर देखरेख ठेवतात, कोणतं कुठं गेलं ते लिहून घेतात. मग गुडघा धरला आणि ते कायमचे परत आले. एवढीच त्यांच्या पंधरा वर्षांची कहाणी आमच्या घरात होती, आणि ती कुणाला अपुरी वाटत नव्हती.

त्या वर्षी पूर्वपरीक्षेत मी भौतिकशास्त्राचा पेपर कोरा दिला. येत नव्हतं असं नाही. प्रश्नपत्रिका हातात आली, पहिला प्रश्न वाचला, आणि डोळ्यांपुढची अक्षरं विरून गेली. तीन तास मी पेनाचं टोपण काढत आणि लावत बसले. घरी आल्यावर कुणी रागावलं नाही, त्यानं जास्तच त्रास झाला. आई रोज पहाटे दूध घेऊन समोर बसायची. मी पुस्तक उघडायची आणि छातीत धडधड सुरू व्हायची. बोर्डाचा तोच पेपर बारा दिवसांवर आला होता.

खामगावात तेव्हा तो सिनेमा लागला होता. एका तारेवरून चालणाऱ्या माणसाची खरी जीवनकथा. त्याला पडद्यावर मोठं इंग्रजी नाव होतं, पण आमच्याकडे सगळे त्याला तारवाल्याचा पिच्चरच म्हणत. कॉलेजच्या मुली पाहून आल्या होत्या. एक म्हणाली, तिनं मैत्रिणीच्या हातात नखं रुतवली. दुसरी म्हणाली, तिला दोन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागला. गावातही बातमी पोचली. शेजारच्या शांताकाकू दारात येऊन विचारून गेल्या, "शेवटी मरत नाही ना तो? मरत असीन तं आधीच सांगा, मी येत नाही."

एका सकाळी बाबा म्हणाले, "चाला, तो पिच्चर पाहून येऊ."

आई बघतच राहिली. "पोरीचा पेपर आहे, अन् तुम्हाले पिच्चर सुचून राह्यला?"

"म्हणूनच म्हणतो," बाबा म्हणाले. "घरात बसून ती वाचून तं नाही राह्यली, भेऊन राह्यली."

दुपारच्या खेळाला आम्ही तिघं गेलो. थिएटर जुनं, छताला लांब दांड्यांचे पंखे, खुर्च्यांचा रेक्झिन फाटलेला. आत शिरताना भाजलेल्या शेंगदाण्यांचा आणि घामाचा वास. गर्दी अशी की लोक भिंतीला टेकून उभे. मी मध्ये, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा. पुढच्या रांगेत खामगावचे एक टेलर होते, गळ्यात मोजपट्टी तशीच. दुकान उघडं ठेवून आलो म्हणत होते.

सुरुवातीला भरपूर शिट्ट्या झाल्या. तो माणूस पोरगा होता, सर्कशीच्या तंबूत राबत होता, मार खात होता, दोरीवरून पडत होता. लोक हसत होते, मोठ्यानं बोलत होते. मग तो मोठा झाला आणि एका खोल दरीच्या काठावर येऊन उभा राहिला. ह्या काठापासून त्या काठापर्यंत एक तार. त्यानं पहिलं पाऊल टाकलं आणि पडद्यावरचं संगीत थांबलं. फक्त वारा.

चार-पाचशे माणसं एका वेळी गप्प झालेली मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. पंखे तेवढे कुरकुरत होते. आमच्या मागे एक बाळ रडत होतं आणि त्याच्या आईला ते ऐकू येत नव्हतं. टेलरनी मोजपट्टी दातात धरली होती. वरून बाल्कनीतून कुणीतरी कळवळून म्हणालं, "मांग फिर बे, मांग फिर." कुणी हसलं नाही. आईनं माझा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगड्या माझ्या मनगटात रुतल्या. मला भीती वाटत होती आणि मला ती हवीहवीशी वाटत होती. महिन्याभरात पहिल्यांदा माझी धडधड माझ्यासाठी नव्हती.

तेवढ्यात बाबा हळूच म्हणाले, "आता त्यानं थांबाले पाहिजे. वारा मागून आला."

आणि पडद्यावरचा माणूस थांबला.

थोड्या वेळानं बाबा पुन्हा म्हणाले, "पाय तिरपा टाकून राह्यला, हे बरोबर आहे. सरळ टाकला तं तार अंगठ्याच्या मधून निसटते."

टेलरनी मान वळवली. "काका, आधी पाह्यला काय पिच्चर?"

"नाही."

"मंग तुमाले कसं माहीत?"

बाबा पडद्याकडेच पाहत होते. मला वाटतं, आपण कुठं बसलोय, शेजारी कोण बसलंय, हे त्या क्षणी ते विसरले होते. ते म्हणाले, "मी चाललो ना तारेवर. पंधरा वर्षं."

आईचा हात माझ्या हातातून सुटला.

हे इतकं मोठं का होतं, ते सांगायला हवं. माझा मामा, आईचा एकुलता भाऊ, चिंचा झोडताना झाडावरून पडून गेला. आई तेव्हा सोळा वर्षांची होती. खाली चिंचा वेचत होती, तिच्या पुढ्यातच तो पडला. तिच्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा आजोबांनी एकच अट घातली होती, जावयाचं काम जमिनीवरचं पाहिजे. बाबांना आई पसंत होती. त्यांनी सांगितलं, मी सामानावर असतो. ते एक वाक्य त्यांनी पंधरा वर्षं निभावलं. आईनंही घरात उंच फळी ठेवली नव्हती. डबे सगळे हाताशी. मी स्टुलावर चढले तरी ती स्टूल धरायला येई.

मध्यंतर झालं. टेलरनी बाबांना ओढतच बाहेर नेलं. चहाच्या टपरीपाशी पाहता पाहता वीस-पंचवीस माणसं जमली. बाबांना बोलायची सवय नाही, पण लोक सोडेनात. हात किती लांब ठेवायचे, पावसात काय करायचं, शू लागली तर काय, सगळं विचारून झालं. बाबांची मान ताठ झाली होती. त्यांचे डोळे मी तसे कधी पाहिले नव्हते. एका हातात चहाचा ग्लास धरून दुसऱ्या हातानं ते हवेत तार काढून दाखवत होते.

"आमच्या कमरेले पट्टा असते," ते म्हणाले. "त्या पिच्चरमधल्याले नाही. तो खरा. आम्ही पोटासाठी चाललो."

"पण पडलं तं?" एकानं विचारलं.

"पडलं तं लटकाचं. पण भेव तं पट्ट्याले पुसत नाही ना."

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. ओडिशात एका रुंद नदीवर तारा ओढल्या होत्या. तारा एकमेकींना भिडू नयेत म्हणून दोन तारांमध्ये ठराविक अंतरावर पकडी बसवत पुढं जायचं होतं. त्यांचा जोडीदार झारखंडचा, नवा मुलगा. बरोबर नदीच्या मध्यावर त्याचे हात तारेला चिकटले. ना पुढं, ना मागं. डोळे मिटून घेतलेले. खालून मुकादम ओरडत होता, नीचे मत देख. बाबा त्याच्यापर्यंत सरकत गेले आणि त्याच्याजवळ तारेवर बसले.

"मी म्हणलं, डोळे उघड अन् खाली पाय."

"खाली?" टेलर म्हणाले. "खाली पाहू नये म्हणतात."

"म्हणतात. पण नाही पाह्यलं तं डोकं आपोआप खोल खोल खड्डा खंदत जाते. एकडाव नीट पाहून घ्यावं, कितीक आहे ते. मी त्याले पुसलं, काय दिसते? तो म्हणे, पानी. मी म्हणलं, अजून? तो म्हणे, एक नाव आहे. नावेत कोण? तो म्हणे, एक बाई. काय करून राह्यली? तो म्हणे, वल्हं थांबवून वर पाहून राह्यली, आपल्याकडं. मंग तो जरासा हसला. मी म्हणलं, चाल आता, ते बाई खोळंबली. अन् आम्ही चाललो. टॉवरले हात लागला तवा मी खाली पाह्यलं. तवा कुठं तिनं वल्हं मारलं."

मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि सगळ्यांनीच वाजवली. टपरीवाल्यानंही हातातलं भांडं ठेवून वाजवली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, हे माझे बाबा आहेत.

गर्दीच्या मागे आई उभी होती. कधी येऊन उभी राहिली, आम्हाला कळलं नव्हतं. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आवाज न चढवता म्हणाली, "त्या नावेतल्या बाईले दिसलं. मले नाही."

बाबांचा हात हवेतच राहिला. बेल वाजली, लोक आत गेले.

उरलेला सिनेमा मी दोघांच्या मध्ये बसून पाहिला. तो तारवाला पडतो, बरगड्या मोडतात, पुन्हा उभा राहतो. शेवटी तो दुसऱ्या काठाला पोचतो तेव्हा सगळं थिएटर उभं राहिलं. शिट्ट्या, टाळ्या, कुणी टोपी उडवली. टेलर तर मागे वळून बाबांच्याच पाया पडले. आई बसून होती. ती रडत नव्हती, आणि पडद्याकडेही पाहत नव्हती.

पुढचे दिवस विचित्र होते. गाव खुळावलं होतं. टेलरच्या गल्लीतून बातमी आमच्या एसटीत चढली आणि आमच्याआधी जणू गावात उतरली. लोक टेम्पो करून पिच्चर पाहायला जात, आणि परत आले की सरळ आमच्या अंगणात येत. पोरं बांधावरून, पाण्याच्या पाइपांवरून, मंदिराच्या ओट्याच्या कडेवरून हात पसरून चालत. गुरुजी म्हणाले, वर्गात मुलं फरशीच्या रेघेवरूनच चालतात. शांताकाकू अखेर जाऊन आल्या, आणि आल्यावर बाबांना म्हणाल्या, "मी पूर्ण वेळ डोळे झाकून होती, पण लय चांगला पिच्चर आहे."

आणि आमच्या घरात शांतता. आई अंगणवाडीत जायची, पोरांना खिचडी वाढायची, वजनं घ्यायची, घरी यायची. बाबांशी ती एक शब्द बोलत नव्हती. बाबा सकाळी उठून तिच्यासाठी चहा करून ठेवायचे. ती तो पिऊन कप धुऊन ठेवायची. सातव्या दिवशी बाबा तिच्यासमोर जाऊन बसले.

"मी फसवलं तुले," ते म्हणाले. "अट मोडली. पण तुले सांगतलं असतं तं तू रोज मेली असती."

आई तांदूळ निवडत होती. "अन् आता एकाच दिवशी पंधरा वर्षांची मेली, त्याचं काय?"

ती बोलली, एवढ्यानंच बाबांना बरं वाटलं असावं. ते अंगणात जाऊन बराच वेळ उगाच एक मोटार खोलत बसले.

पेपरच्या दिवशी बाबा मला खामगावला सोडायला आले. फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली थांबले. प्रश्नपत्रिका हातात आली, आणि पुन्हा तेच. अक्षरं हलू लागली. तेव्हा मी पेन खाली ठेवला आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अख्खी प्रश्नपत्रिका वाचून काढली. काय येतं, काय येत नाही, कितीक खोल आहे ते. दोन प्रश्न अजिबात येत नव्हते. बाकीचे येत होते. मग मी लिहायला लागले, आणि घंटा झाली तेव्हा पुरवणीची शेवटची ओळ लिहीत होते. बाहेर आले तर बाबा तिथंच, कडुलिंबाखाली. मी लांबूनच हात पसरून, एक पाऊल तिरपं टाकत त्यांच्याकडे चालत गेले. आजूबाजूच्या पोरी बघत होत्या. बाबा हसले, मोठ्यानं.

आता मी मुलांना शिकवते की तारेवर चालताना लांब काठी हातात असली की माणूस पटकन कलत नाही, त्याला सावरायला वेळ मिळतो. सूत्र लिहून देते. बाबांना एकदा ते समजावून सांगितलं, तर म्हणाले, "असीन. मले तं वाटे, भेलेल्या हाताले काम पाहिजे म्हणून देतात." मी हे दोन्ही शिकवते. दुसरं परीक्षेत येत नाही.

त्या वर्षी माझी परीक्षा संपली. हरभरा घरात आला. शेत रिकामं झालं, ढेकळं तापायला लागली. एका रविवारी आईनं सकाळीच बाबांना सांगितलं, "मले दाखवा."

"काय?"

"कसे चालत होते ते."

"अठी कुठं तार आहे? अन् गुडघा..."

"बांधा," आई म्हणाली. "मले पाहाचं आहे."

बाबा विहिरी खोदणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून जाड लोखंडी तार घेऊन आले. आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दोन कडुलिंब आहेत, त्यांच्यामध्ये ती बांधली, साखळीच्या कप्पीनं ओढून ताणली. उंची माझ्या कमरेएवढी. कुणाला सांगितलं नव्हतं, पण तार आणताना अर्ध्या गावानं पाहिली होती. उन्हं कलली तेव्हा धुऱ्यावर माणसंच माणसं. शांताकाकू डोळ्यांवर पदर घेऊन तयार होत्या.

बाबांनी चपला काढल्या. बांबू घेतला. तारेवर चढले, दोन पावलं टाकली आणि पडले. गुडघ्यावर हात दाबून बसले. मी आईकडे पाहिलं. ती पुढं झाली नाही. ती जिथं होती तिथंच उभी होती, मुठी आवळून, डोळे उघडे ठेवून.

बाबा पुन्हा चढले. या वेळी ते पहिल्या पावलाआधी थांबले, खाली ढेकळांकडे नीट पाहिलं, आणि चालू लागले. पाय तिरपा. तार थरथरत होती, मग थरथरायची थांबली. पाठ तरण्या माणसासारखी सरळ झाली. मध्यावर वाऱ्याची झुळूक आली, ते थांबले, वारा जाऊ दिला, पुढं निघाले. दुसऱ्या कडुलिंबाला त्यांचा हात लागला आणि धुऱ्यावर असा कल्ला झाला की झाडावरचे बगळे उडाले. पोरांनी बाबांना खांद्यावर घ्यायला धाव घेतली.

आई मध्ये आली. गर्दी आपोआप बाजूला झाली. ती बाबांसमोर उभी राहिली आणि तिनं गावाबाहेरच्या मोबाइल टॉवरकडे बोट दाखवलं.

"तेवढं उंच?"

बाबांनी पाहिलं. "कधी कधी त्याच्याहून जास्त."

आईनं मान वर करून टॉवरच्या टोकाकडे पाहिलं. पायथ्यापासून सुरू करून हळूहळू वर, मग पुन्हा खाली. लोक चुळबुळ करायला लागले. काही निघूनही गेले. मग ती झाडाखाली बसली आणि शेजारची जागा हातानं साफ केली.

"बसा," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून सांगा. काही गाळू नका."

बाबा पाय पसरून बसले. दुखरा गुडघा आईनंच उचलून सरळ केला. त्यांनी सुरुवात केली, पहिलं गाव, पहिला टॉवर, पहिल्यांदा वर चढल्यावर झालेली उलटी. आई मध्येच प्रश्न विचारत होती. मी ऐकत उभी होते, तर तिनं वर पाहिलं आणि मला म्हणाली, "तू काय पाहून राह्यली? जा, भात टाक."

मी घरी आले. भात लावला, वरण केलं, भाकरी थापल्या. त्या दिवशी घरचा सगळा स्वयंपाक पहिल्यांदा मी एकटीनं केला, आणि तो खायला वेळेवर कुणीच आलं नाही.